आठ सिलिंडरची खोली

लातुरात जून महिन्यात खोली मिळत नाही. दहावीचा निकाल लागला की नांदेडपासून निलंग्यापर्यंतचे आईबाप एका हातात पोराचं मनगट आणि दुसऱ्या हातात गादीची वळकटी धरून गावात उतरतात. मग जिन्याखालची जागा, गच्चीवर टाकीशेजारचा कोपरा, बंद पडलेली पिठाची गिरणी, सगळ्यालाच लोक खोली म्हणू लागतात. त्यामुळं आम्ही आमची मोटार भाड्यानं देत होतो, यात आम्हाला तरी काही नवल वाटत नव्हतं. भाड्यानं म्हणजे वरातीला नव्हे. राहायला.

मोटार आमच्या अंगणात पत्र्याखाली दगडांवर उभी होती. काळीभोर, आणि लांबीला आमच्या घरापेक्षा थोडी जास्त. नुसतं बॉनेटच एवढं की ते पत्र्याबाहेर उन्हात यायचं आणि अम्मी त्याच्यावर वर्षाच्या मिरच्या वाळवायची. मागच्या खिडक्यांना रेशमी पडदे होते. पुढची सीट आणि मागची बैठक यांच्यामध्ये सरकती काच होती, मालकाचं बोलणं ड्रायव्हरच्या कानावर जाऊ नये म्हणून बसवलेली. लातूरच्या भाषेत सांगायचं तर दोन खोल्या, मध्ये पार्टिशन, चार स्वतंत्र दरवाजे, हवा खेळती.

नाकावर चकचकीत इंग्रजी एच, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट. आमच्या घरात पन्नास वर्षं असं पक्कं ठरलेलं होतं की एच म्हणजे हैदराबाद आणि मुकुट म्हणजे निजाम. गाडी हैदराबादेतच बनली, यावर कुणाचं दुमत नव्हतं. त्या एचच्या खाली एकमेकींत अडकलेल्या चार कड्या होत्या. त्यांचा अर्थ आमच्या भाडेकरूंनी लावला होता: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी.

मी एकदा सायबर कॅफेत बसून खरा इतिहास शोधून आणला. गाडीचं नाव हॉर्ख. जर्मनीतल्या त्स्विकाऊ नावाच्या गावची, लढाईच्या आधीची. आठ सिलिंडर एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारखे, म्हणून बॉनेट तेवढं लांब. ज्या हॉर्खसाहेबांनी कंपनी काढली त्यांचं भागीदारांशी पटलं नाही, म्हणून ते बाहेर पडले आणि त्यांनी दुसरी कंपनी काढली. पण स्वतःचंच नाव वापरायला त्यांना बंदी झाली. मग त्यांनी आपल्या नावाचं, म्हणजे 'ऐक' या शब्दाचं, लॅटिनमध्ये भाषांतर करून तेच कंपनीला दिलं: ऑडी. लातूरकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. इथं दर जूनला एखादे सर क्लासमधून फुटतात आणि रस्त्याच्या पलीकडं नवी पाटी लावतात.

पुढं त्या जुन्या आणि नव्या कंपन्या आणखी दोघींना घेऊन एकत्र आल्या, त्याच त्या चार कड्या. मग महायुद्ध झालं आणि अशा गाड्या बनायच्या थांबल्या. जगात मोजक्याच उरल्या. त्यातली एक आमच्याकडं, आणि तिच्या गिअरवर पंचा वाळत घातलेला.

हे सगळं मी अब्बांना वाचून दाखवलं. अब्बा म्हणजे चांदपाशा, गंजगोलाईच्या बाजारामागं सीटकव्हरचं दुकान. रिक्षा असो, जीप असो, डॉक्टरची खुर्ची असो, शिवून देणार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जर्मनी?" ते म्हणाले.

"हाव."

"मग एच कशाला राहील? जी न्हाई का राहणार?"

तिथं इतिहास संपला.

गाडी आमची नव्हती, ही खरी गोष्ट. ती नांदेडकडच्या एका जागीरदारसाहेबांची, आणि माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, त्यांचे ड्रायव्हर. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं तेव्हा जागीरदारसाहेब नांदेडहून हैदराबादच्या रेल्वेत बसले, आणि खिडकीतून किल्ली देत दादांना म्हणाले, "तुझ्या घरी घेऊन जा. सांभाळून ठेव, मी येतोच." दादा गाडी घेऊन लातूरला निघाले. अहमदपूरपर्यंत झोकात आले, चाकूरला पेट्रोल संपलं. तिथून पुढं आठ सिलिंडरच्या जागी दोन बैल लागले. त्यानंतर गाडी कधी चालली नाही आणि जागीरदारसाहेब कधी आले नाहीत.

दादा वारले तेव्हा मी लहान होतो. जमीन कुणाची, दागिने कुठं, असलं काही बोलायला आमच्याकडं जमीनही नव्हती आणि दागिनेही नव्हते. ते फक्त गाडीबद्दल बोलले. अब्बांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अमानत आहे ती. मालकाच्या घरचं कुणी आलं की जशी दिली तशी परत करायची. जशीच्या तशी. एक टाका कमी नको, एक टाका जास्त नको."

शिवणकाम करणाऱ्या माणसाला टाक्याची शपथ घातली की तो गेलाच. अब्बांनी भंगारवाल्यांना हाकललं, लग्नवाल्यांना हाकललं. पुण्याचा एक गॉगलवाला तर अंगणात गुडघे टेकून गाडीकडं बघत बसला होता, त्यालाही चहा पाजून हाकललं.

मग भूकंप झाला. किल्लारीकडं जे झालं ते मी सांगायला नको. आमच्या लातुरात भांडी पडली आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. सगळा गाव महिनोन्महिने उघड्यावर झोपत होता. अब्बांनी विचार केला आणि आम्हाला गाडीत झोपवलं. "जमीन हालली तर घर पडतं," ते म्हणाले, "हिला खाली स्प्रिंगा हायेत. ही नुसती डुलेल." अम्मी आणि मी मागच्या बैठकीवर, अब्बा स्टिअरिंगखाली पाय दुमडून. स्टिअरिंग डावीकडं असल्यामुळं ते वर्षभर डाव्या कुशीवर झोपले, आणि अजूनही त्यांना उजव्या कुशीवर झोप येत नाही.

पुढच्या जूनमध्ये किल्लारीच्या बाजूचा एक पोरगा अकरावीला लातूरला आला. चन्नबसप्पा. गावात त्याच्या डोक्यावर छप्पर पडलं होतं. तो वाचला होता, पण छताखाली झोपायला तयार नव्हता. दोन वसतिगृहांतून रात्री पळून रस्त्यावर येऊन बसला. कुणीतरी त्याला आमच्याकडं आणलं. त्यानं गाडीच्या छताला आतून हात लावून पाहिला, ते कापडाचं लागलं, तेव्हा म्हणाला, "इथं झोपतो." दोन वर्षं राहिला. अब्बांनी एक पैसा घेतला नाही. बारावीनंतर तो मेडिकलला लागला.

मग काय! दुसऱ्या दिवशी अंगणात रांग. चन्नबसप्पाचं डोकं, चन्नबसप्पाची जिद्द, त्याच्या आईनं कुडाच्या घरातून पाठवलेले डबे, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी एवढंच पाहिलं की तो गाडीत राहत होता. तेव्हापासून गाडीला 'डॉक्टरगाडी' म्हणू लागले. त्याच्यानंतरचा एक जनावरांचा डॉक्टर झाला, एक दातांचा झाला. एक बँकेत लागला, त्याचा आम्ही उल्लेख करत नाही.

मी सांगतो त्या वर्षी, म्हणजे भूकंपाला नऊ वर्षं होत आली तेव्हा, गाडीत राघवेंद्र राहत होता. निलंग्याचा, अंगानं भरलेला, रिपीटर. रिपीटर म्हणजे ज्याचं मेडिकल थोडक्यात हुकलं आणि जो पुन्हा वर्षभर तेच वाचतो. पुढच्या सीटवर अभ्यास, मागच्या बैठकीवर झोप. स्टिअरिंगवर पुस्तक टेकवायचं, ते अगदी बरोबर नजरेच्या उंचीला येतं. स्पीडोमीटरच्या काचेवर अठ्ठ्याण्णव जिथं येईल तिथं त्यानं एक लाल टिकली चिकटवली होती, तेवढे टक्के पाडायचे म्हणून. छताला आतून मूलद्रव्यांचा भलामोठा तक्ता खळीनं डकवलेला, झोपल्या झोपल्या पाठ व्हावा म्हणून.

एका गुरुवारी दुकानात फोन वाजला. अब्बांनी घेतला आणि ऐकता ऐकता उभे राहिले. फोनवर ते कधी उभे राहत नाहीत.

"कोण?" मी विचारलं.

"जागीरदारसाहेबांची नात," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज कात्रीनं कापल्यासारखा झाला होता. "सुमय्या बेगम. हैदराबादहून. म्हणाल्या, आजोबांची गाडी आहे ना अजून तुमच्याकडं? रविवारी येते, तिच्याबद्दल बोलायचंय."

"मग?"

"मग काय? लाइन कटली."

आम्ही दोघंही घरी आलो आणि गाडीसमोर उभे राहिलो. चोपन्न वर्षं ती घरात रोज दिसत होती, पण मालकाच्या नजरेनं आम्ही पहिल्यांदाच पाहिली. ट्यूबलाइट. एक्स्टेन्शन बोर्ड. पार्टिशनला तारेनं बांधलेला टेबलफॅन. हातमोजे ठेवायच्या खणात चिवडा. बॉनेटवर मिरच्या. आणि आत, मांडी घालून, राघवेंद्र.

"जशीच्या तशी," अब्बा पुटपुटले. "शहेबाज, वर गेल्यावर तुझे दादा मला बाकी काही विचारणार न्हाईत. नमाज विचारणार न्हाईत, रोजे विचारणार न्हाईत. पहिला सवाल गाडीचा."

"सामान काढून टाकू, दोन दिवस हायेत."

"त्या पोराचं काय करतो?"

राघवेंद्रला सांगितलं. त्यानं पुस्तकातून मान वर केली.

"मी न्हाई उतरणार, चाचा."

"अरे बाबा, मालक येऊन राहिले."

"येऊ द्या की. मालक बदलला म्हणून भाडेकरू बदलत नसतो. आमच्या अण्णांचं निलंग्यात असंच एक दुकान अडकलंय."

"बेटा, दोन तासांचा सवाल आहे."

"मागच्या साली मी दुसरीकडं राहिलो, काय झालं बघितलं ना? या साली गाडीत हाय. मधीच उतरलो आन् गुण कमी पडले तर तुम्ही देता का वाढवून?"

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. गुण वाढवून देणं त्यांच्या हातात नव्हतं.

"असं करा," राघवेंद्र म्हणाला, "गाडी मालकाला द्या. मी गाडीसकट जातो. हैदराबादला पण क्लासेस चांगले हायेत म्हणं."

शुक्रवारी आणि शनिवारी अब्बांनी दुकान बंद ठेवलं. सीटवर चढवलेलं रेक्झिन उसवलं, खाली मूळ चामडं निघालं. ते त्यांनी खोबरेल तेलानं चोळलं. अम्मीनं मिरच्या हलवल्या, पण वास हलला नाही. गाडीजवळ आलेला प्रत्येक माणूस आधी शिंकायचा आणि मग कौतुक करायचा. मी वायरी काढल्या, फॅन काढला. टिकली काढायला गेलो तर राघवेंद्रनं माझं मनगट धरलं. टिकली राहिली.

खरी अडचण छताची. तक्ता ओढावा तर जुनं कापड फाटणार. अब्बा ओल्या फडक्यानं इंच इंच भिजवत होते, उताणे पडून, तोंडावर खळीचे थेंब झेलत. खालच्या सीटवरून राघवेंद्र त्यांना सांगत होता.

"हळू चाचा, आता क्लोरीन हाय."

"हं."

"आता लोखंड."

"लोखंडच वाटायलंय."

शनिवारी संध्याकाळपर्यंत बराच तक्ता निघाला. तळाची एक रांग मात्र सुटेना. जितकं भिजवावं तितकं कापड सोबत यायला लागलं. अब्बा खाली उतरले आणि अंगणात उकिडवे बसले.

"युरेनियम अडकलंय," राघवेंद्रनं जाहीर केलं.

रविवारी सकाळी अब्बांनी लग्नातली शेरवानी काढली. बटणं लागत नव्हती म्हणून रात्रीतून दोन्ही बाजूंना पट्टी जोडली होती. किल्ली ठेवायला हिरव्या मखमलीची उशी शिवली होती, झालरीसकट. राघवेंद्रशी तोडगा निघाला होता: तो गाडीतच बसेल, पण पुढं, दादांची ड्रायव्हरची टोपी घालून, आणि तोंड उघडणार नाही. पुस्तक स्टिअरिंगच्या खाली, मांडीवर.

"ड्रायव्हरबिगर अशी गाडी शोभत पण न्हाई," अब्बा स्वतःलाच समजावत म्हणाले.

दहाच्या सुमाराला भाड्याची जीप थांबली. सुमय्या बेगम उतरल्या. मी दागिने, अत्तर, नोकरचाकर असं काहीतरी धरून चाललो होतो. या बाईंच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि चेहरा आठवडाभर उन्हात फिरल्यासारखा. सोबत त्यांचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, कलीम. त्याच्या खांद्यावर गादीची वळकटी होती. ती वळकटी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात शिरली नाही.

"तशरीफ आणा, बेगमसाहेबा," अब्बा कमरेत वाकले. पट्टीचा एक टाका तुटल्याचा आवाज झाला.

त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या. शिंकल्या. बॉनेटवरून हात फिरवत एचपर्यंत गेल्या, मुकुटाला बोट लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मिरच्यांचं की आजोबांचं, हे मी अजून सांगू शकत नाही. त्यांनी मागचा दरवाजा उघडला. तो अजूनही असा मिटतो-उघडतो की आवाजच येत नाही, फक्त हवेचा एक सुस्कारा. आत बसल्या, चामड्यावर टेकल्या, आणि वर पाहिलं. वर युरेनियमची रांग होती.

अब्बांनी डोळे मिटले.

बेगमनी मधली काच सरकवली आणि टोपीवाल्याला विचारलं, "ही तुम्ही चालवता?"

"न्हाई," राघवेंद्र म्हणाला, "मी फक्त अभ्यास करतो."

मग अब्बा पुढं आले.

"बेगमसाहेबा, मी खोटं बोलणार न्हाई. माझ्या वालिदांनी सांगितलं होतं, जशीच्या तशी परत कर. माझ्यानं झालं न्हाई. हिच्यात मी माझं घरदार झोपवलं. भूकंप होता. मग एक पोरगा आला, त्याला छताची भीती होती. मग दुसरा आला. मला न्हाई म्हणता आलं न्हाई. हिच्यात मुलं राहतात. आठ वर्षं झाली. तुम्ही काय सजा द्यायची ती द्या, पण गाडी घेऊन जा, माझं ओझं उतरवा."

सुमय्या बेगम गाडीतून अर्ध्या बाहेर आल्या. "म्हणजे खरंच राहतात?"

"हाव."

"या गाडीत?"

"हाव."

"अल्हम्दुलिल्लाह!" त्या म्हणाल्या, आणि पायरीवरच बसल्या. अशा गाड्यांना चढायला पायरी असते, ती त्या दिवशी उपयोगी पडली. "सोमवारपासून फिरते आहे, चांदपाशाभाई. या पोराला अकरावीला इथं घालायचंय, क्लासला नाव लागलंय, पण राहायला एक खोली नाही. एकानं तर जिन्याखाली जागा दाखवली, तिथं मांजर व्यायलेली. म्हटलं मांजर जाईल, तर म्हणाला, तिचं आधी ठरलंय. मग क्लासच्या दारात कुणीतरी सांगितलं, इथं एका मोटारीत पोरं राहतात, डॉक्टर होतात. मी विचारलं कसली मोटार, तर म्हणाला काळी, एचवर मुकुट. तेव्हा लक्षात आलं, अरे, ही तर आपलीच!"

"पण फोन तर हैदराबादहून केला?"

"फोन लातूरच्या स्टँडवरून केला, याला आणि गादी आणायला परत निघाले होते तेव्हा. हैदराबादची, एवढंच म्हटलं होतं. पुढं बोलणार तर सुट्टे पैसे संपले."

अब्बा उशी धरून तसेच उभे. "मग गाडी... न्यायची न्हाई?"

"कुठं नेऊ? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो." बेगम हसल्या. "आजोबा काय म्हणायचे माहितीय? सगळं गेलं, पण लातूरला आपलं एक घर आहे. आम्हाला वाटायचं, म्हातारा गाडीला घर म्हणतोय, वय झालंय. आता बघा."

अब्बांचे ओठ हलले. माझी खात्री आहे, ते दादांशी बोलत होते.

मग प्रश्न आला जागेचा. कलीमनं वळकटी मागच्या बैठकीवर टाकली. राघवेंद्रनं काच सरकवून ती परत ढकलली.

"ती माझी झोपायची खोली हाय."

"माझ्या परनान्यांची, अम्मीच्या आजोबांची, गाडी आहे," कलीम म्हणाला.

"असंल. टिकली माझी हाय."

शेवटी पंचायत बसली, म्हणजे अम्मी बसली. ठरलं ते असं: मागचा भाग कलीमचा, पुढचा राघवेंद्रचा, मधली काच दोघांची. राघवेंद्र लगेच कबूल झाला, कारण पुढं स्टिअरिंग होतं. भाड्याचं कुणी काढलंच नाही. मालकाकडून कसलं भाडं?

पण अब्बांना रीतसर व्हायला हवं होतं. त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. राघवेंद्र एक पाय गाडीत ठेवून उभा राहिला, त्याच्या मते तेवढं चालतं. अब्बांनी उशी पुढं केली. "अमानत," ते म्हणाले. सुमय्या बेगमनी दोन्ही हातांनी किल्ली घेतली, कपाळाला लावली, आणि पुन्हा उशीवर ठेवली.

"सांभाळून ठेवा," त्या म्हणाल्या, "मी येतेच."

अब्बांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"न्हाई न्हाई न्हाई," ते म्हणाले, "असं न्हाई. कधी? दिवस सांगा."

"दिवाळीच्या सुट्टीत."

"शहेबाज, लिहून घे."

जीप गेली. अब्बांनी शेरवानी काढून दोरीवर टाकली. चोपन्न वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस काय करतो याची मला उत्सुकता होती. अब्बांनी ट्यूबलाइट आणायला सांगितली. मग फॅन. मग खळीचं भांडं घेतलं, गाडीत उताणे पडले, आणि सुटलेल्या तक्त्याचे तुकडे छातीवर पसरले.

"जशीच्या तशी करून देतो," ते वर बघत म्हणाले. "राघवेंद्र, क्लोरीन कुठं होतं रे?"

"युरेनियमच्या वर, चाचा. बरंच वर. कलीम, तू सांग, तुला पण आता हेच पाठ करायचंय."

कलीमनं गादी पसरली, आडवा झाला, आणि बोट वर केलं.